मामाची गाडी आणि आईची सही



सध्या आमचे घर भरलेले आहे. लेक आपल्या दोन मुलांना घेऊन सुट्टीला आली आहे. थोरला अंगणातल्या निंबाखाली खाट टाकून दिवसभर मोबाईल बघतो, धाकटा माझ्या मागे मागे फिरतो. परवा दुपारी मी पापड वाळत घालत होते. तेवढ्यात थोरल्याच्या मोबाईलवर एक गाणे लागले. हातातला पापड हातातच राहिला. मामाच्या गावाला घेऊन जाणाऱ्या आगीनगाडीचे ते गाणे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा त्याचे शब्द मी इथे लिहीत बसत नाही. ज्या घरात ते म्हटले गेले नाही असे मराठी घर शोधून काढावे लागेल.

गाणे संपले तसा धाकट्याने विचारले, "आजी, आमच्या मामाचा गाव म्हणजे हा. मग तुझ्या मामाचा गाव कुठला गं?"

साधा प्रश्न. पण उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत जे जे आठवले ते तुम्हाला सांगते. काही गोड आहे, काही तसे नाही.

हे गाणे १९६३ सालच्या 'तू सुखी रहा' या चित्रपटातले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल वसंत पवारांची आणि आवाज आशाबाई भोसल्यांचा. माडगूळकरांचा जन्म मुळात आजोळचाच, शेटफळ्याचा, १९१९ सालचा. मला उगाच वाटते की मामाच्या गावाची गोडी त्यांच्या लेखणीत आली ती तिथूनच आली असेल. पवारांनी 'सांगत्ये ऐका'च्या लावण्यांना चाली दिल्या आणि त्याच हातांनी पोरांसाठी गाडीचा ठेका धरला. गाण्यात गाडी पळते, धूर निघतो, झाडे पळतात, सगळे सगळे चालीत आहे. ज्याने कोळशाची गाडी कधी पाहिली नाही त्या माझ्या नातवाचाही पाय त्यावर हलतो.

आमच्या गावी ते पहिल्यांदा ऐकले ते ग्रामपंचायतीच्या रेडिओवर. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. चावडीच्या भिंतीत वरती एक जाळीचे खोके बसवलेले होते, त्यातून आवाज यायचा. बाया पाण्याला जाता जाता थांबायच्या. गाणे लागले की आम्ही पोरे एकमेकांच्या परकराला, सदऱ्याला धरून चावडीभोवती गाडी करायचो. इंजिन व्हायला भांडणे. मी बहुतेक वेळा गार्डच असायची, कारण मी सगळ्यांत बारकी.

पण आम्हाला त्या गाण्याचे वेड होते त्याला आणखी एक कारण होते. आमच्या मामाच्या गावाला खरोखरच गाडी जायची. पुष्कळांचे मामा एसटीच्या वाटेवर किंवा नुसत्या गाडीवाटेवर. आमचा मामा मात्र बार्शी लाईट रेल्वेच्या वाटेवर!

ज्यांनी ती गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन रुळांमध्ये फक्त अडीच फूट अंतर. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली. पहिली गाडी १८९७ साली कुर्डुवाडी आणि बार्शीमध्ये धावली. बार्शीची पेठ मोठी, कापूस-गळिताचा माल मोठा, आणि कुर्डुवाडीला मुंबई-मद्रासची मोठी लाईन. तेवढा तुकडा बैलगाड्यांनी पार करायचा म्हणजे हाल. पुढे १९०६ साली रूळ पंढरपूरपर्यंत गेले, १९११ साली लातूरला पोचले आणि १९२७ साली मिरजेला. गाडी इंग्रज कंपनीची होती, ती १९५४ साली सरकारने घेतली. पण लोक शेवटपर्यंत तिला 'बारशी लाईट'च म्हणत. आषाढीच्या दिवसांत तिच्या टपावरसुद्धा माणसे बसलेली मी पाहिली आहेत.

आमचे गाव माढा तालुक्यात, कुर्डुवाडीपासून तीन कोसांवर. मामाचे गाव ढोकी स्टेशनापासून दोन कोस आत. शाळेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आईची पेटी निघायची. आदल्या रात्री दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे, फिरकीच्या तांब्यात पाणी. वडील पहाटे गाडी जुंपून कुर्डुवाडीला सोडायचे. ते स्वतः कधी आले नाहीत. शेतकऱ्याला सुट्टी कुठली?

गाडीची चाल अशी की खिडकीतून हात काढला तर बाभळीचा पाला हातात यावा. शेंद्री गेली, बार्शी आली की चहावाले, भेळवाले. पांगरी गेली की पुढे येडशीचा घाट. तिथे रामलिंगाच्या जंगलात गाडी अशी दमायची की आमच्या डब्यातली मोठी मुले खाली उतरून तिच्याबरोबर चालायची आणि पुन्हा चढायची. आई मला उतरू द्यायची नाही. मी फार रडले तेव्हा एकदा मात्र एका म्हाताऱ्या वारकऱ्याने माझा हात धरून दहा पावले चालवले. त्या दहा पावलांचा तोरा मी वर्षभर शाळेत मिरवला.

डोळ्यांत कोळशाची कुसळे जायची. आई पदराचा बोळा करून त्यावर फुंकर घालायची आणि डोळ्याला लावायची. ती ऊब अजून आठवते.

आणि एक गोष्ट मी तेव्हा पाहिली, पण कळली पुष्कळ वर्षांनी. कुर्डुवाडीला गाडीत बसताना आईचा पदर कपाळापर्यंत असायचा. बार्शीपर्यंत तसाच. येडशीचा घाट चढला की पदर हळूच मागे सरकायचा. ढोकीला उतरताना तो खांद्यावर आलेला असायचा आणि आई मोठ्याने बोलत असायची. घरी तिचा आवाज आम्ही फारसा ऐकलेलाच नव्हता.

गाण्यातला मामा पैसेवाला आहे. भाच्यांना भारी कापडचोपड घेतो. मामीही सुगरण, रोज गोडधोड करणारी. आमचा मामा तसा नव्हता. अठरा एकर जमीन होती, पण कोरडवाहू. ज्वारी, तूर, हरभरा आणि देवाची मर्जी. तो छकड्यात कडबा अंथरून, वर गोधडी टाकून स्टेशनावर उभा असायचा. गाडी दोन तास उशिरा आली तरी उभा. मला उचलून घ्यायचा तेव्हा त्याच्या दाढीची खुंटे गालाला टोचायची आणि तंबाखूचा वास यायचा. आईला म्हणायचा, "आलीस का गं सोने?" आई हसायची आणि मग रडायची. आम्हाला दर वर्षी कळायचे नाही की ही आल्यावर रडते का आणि जाताना रडते ते वेगळे का.

मामीच्या हातचे धपाटे, लाल मिरचीचा ठेचा, हुलग्याचे माडगे. गोड म्हणाल तर आखितीला एक दिवस पुरणाची पोळी आणि आमरस. झाडे दोनच होती आंब्याची, तीही गोटी आंब्याची. पण मला आजही कुणी विचारले की काय खायला आवडते, तर मी मामीचे धपाटे सांगेन. त्यात ती लसूण आणि तीळ कशा बेताने घालायची ते मला अजून जमलेले नाही. माझ्या सुनेला माझ्यापेक्षा चांगले जमते, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे तिने वाचले तर बरे.

आवडीनिवडीचे निघाले म्हणून थोडे विषयांतर करते. गाणी मला लांबून ऐकायला आवडतात. रात्री उसाला पाणी दिले जात असावे, वारा आपल्या बाजूचा असावा आणि दोन-तीन शिवारे पलीकडे कुणाच्या लग्नातल्या कर्ण्यावर गाणे लागलेले असावे. शब्द अर्धे कळावेत, अर्धे वाऱ्यावर जावेत. तशी मी बाबूजींची, आशाबाईंची, लताबाईंची कितीतरी गाणी ऐकली. आता लग्नात जे ढोलाच्या भिंती उभ्या करून वाजवतात त्याने म्हशी आटतात आणि म्हाताऱ्यांची छाती धडधडते. त्यावर मी मागे या पानावर लिहिले होते, तेव्हा दोन तरुण वाचकांनी मला जुन्या खोडाची म्हटले. म्हणोत बापडे.

तर आईची आवड वेगळी होती. आगीनगाडीचे गाणे तिला आवडायचे नाही. रेडिओवर लागले आणि आम्ही नाचायला लागलो की ती उठून आत जायची. एकदा मी विचारले तर म्हणाली, "पोरांचं गाणं हाय ते. त्यात आई कुठं हाय?"

खरेच आहे. त्या गाण्यात पोरे मामाकडे निघाली आहेत. आई भावाकडे निघाली आहे हे त्यात नाही. ती बाजू ऐकायची तर जात्यावरची ओवी ऐकावी लागते. आई पहाटे दळायला बसली की भावावरच्या ओव्या सुरू व्हायच्या. भाऊ कसा, त्याची बैलजोडी कशी, तो मुऱ्हाळी येतो तेव्हा बहीण वाटेकडे कशी बघते, भावजय दारात काय म्हणते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी अशा ओव्या गावोगाव फिरून जमा करवल्या. एक लाखाहून अधिक भरल्या. बायांनी भावावर किती गायिले आहे ते त्यातून दिसते. शेताच्या वाटणीत मात्र बहिणीला जागा कधी नव्हती, ती अशी ओवीत सापडते.

आता पुढचे सांगते.

१९६९ साली माझे आजोबा वारले, आईचे वडील. आजी आधीच गेलेली. मी बारा वर्षांची होते. तेराव्यानंतर आम्ही घरी यायला निघालो तेव्हा मामाने आईला म्हटले, "सोने, तालुक्याला एक दिवस यावं लागतंय. नावाचं काम हाय." आई म्हणाली, "तू म्हणशील तवा येते दादा." काय काम, किती जमीन, कसला कागद, तिने काही विचारले नाही. मीही बरोबर गेले.

इथे एक गोष्ट मधेच सांगितली पाहिजे. आई शाळेत गेलेली नव्हती. १९५९ साली साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे सगळीकडे पसरली. आमच्या गावातही रात्रीचा वर्ग निघाला. कंदिलाच्या उजेडात बाया पाटी घेऊन बसायच्या. आई दिवसभर रानात राबून रात्री जायची. वडील रागवायचे, सासू टोमणे मारायची, तरी गेली. तीन महिन्यांत तिला आपले नाव लिहिता यायला लागले. चुलीपुढच्या राखेत ती बोटाने नाव काढायची आणि पुसायची. मला विचारायची, "काना बरोबर आला का गं?" पण लिहायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. कुणी मागितलीच नव्हती तिची सही.

ती पहिल्यांदा मागितली गेली त्या कचेरीत. कारकुनाने अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली. आईने ती बाजूला सारली आणि म्हणाली, "मला सही येती." मामाने चकित होऊन तिच्याकडे पाहिले. तिने टाक घेतला, जीभ दातांत धरली आणि एकेक अक्षर काढत आपले पूर्ण नाव लिहिले. तिचा चेहरा फुलला होता. मला वाटते आयुष्यात तिला इतका अभिमान कधी वाटला नसेल. मामाने बाहेर आल्यावर आम्हाला भजी खाऊ घातली आणि आईला हिरवे लुगडे घेतले.

तो कागद हक्कसोडीचा होता.

पुष्कळ वर्षांनी मी एका वकिलांना विचारले. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला. १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा आलेला होता. जमीन वडिलोपार्जित, अठरा एकर. त्यातला निम्मा भाग आजोबांचा, म्हणजे नऊ एकर. त्या नऊ एकरांत मामा आणि आई दोघे सारखे वारस. म्हणजे आईचे साडेचार एकर. आमच्या वडिलांची सगळी जमीन सात एकर होती! वकील म्हणाले, "तुमच्या आईला हे माहीत होते का?" मी म्हटले, नाही. मग घरी येऊन आईला विचारले, तेव्हा ती सत्तरीची होती. म्हणाली, "म्हाईत असतं तरी केली असती सही. भावाचं दार उघडं ऱ्हायला पायजे. बाईला एवढं एक दार असतंय."

दार उघडे राहिले का? राहिले. हे मी मामाला न्याय देऊन सांगते. १९७२ चा दुष्काळ पडला. थोरांना तो आठवत असेल. विहिरीच्या तळात पोहरा खडखडायचा. आई-वडील दोघे खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही. अशात एके दिवशी मामा दारात उभा. ढोकीहून गाडीने कुर्डुवाडीला आला होता आणि तिथून एकाच्या बैलगाडीत दोन पोती ज्वारी घालून आणली होती. जुन्या पेवातली. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास असतो, तो सबंध घरात पसरला. त्याच्याकडेही दुष्काळ होता, आमच्यापेक्षा जास्तच. आईने पायलीने ती ज्वारी मोजली नाही. पोत्यावर डोके ठेवून रडली.

दोन वर्षांनी आखितीला आम्ही गेलो असताना मामी कुणाशी तरी बोलता बोलता म्हणाली, "आमच्याच घरात खायला नव्हतं, तरी वन्संकडं दोन पोती गेली." वाईट मनाने म्हणाली असे मला आजही वाटत नाही. तिला चार पोरे होती, त्या साली ती स्वतः अर्धपोटी राहिलेली होती. पण आई ते ऐकून उठली, आमची पेटी भरली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आम्ही परत आलो. नंतर तीन वर्षे ती माहेरी गेली नाही. मामा दोनदा मुऱ्हाळी आला, तरी गेली नाही.

मला पुढे वाटायचे, साडेचार एकरांची धनीण दोन पोत्यांसाठी मिंधी झाली. स्वतःच्या रानातली ज्वारी असती तर ती हक्काने आली असती. मामीला बोलायला जागा राहिली नसती आणि आईला रुसायला. मामाचे प्रेम खरे होते, त्याबद्दल मला शंका नाही. पण प्रेमाने दिलेल्या वस्तूला कधी ना कधी कुणीतरी बोलतेच. आणि गंमत पाहा, मामीनेही तिच्या भावांना अशीच सही दिलेली होती. तिचे माहेर तर आमच्या आजोळापेक्षा मोठे, बागायती. हे मला तिच्याच तोंडून कळले, तिच्या शेवटच्या आजारपणात.

मामा गेला, मामी गेली. आईही गेली. गाडीसुद्धा गेली. लातूर ते कुर्डुवाडी रूळ २००८ सालापर्यंत रुंद झाले. आता मोठी गाडी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिववरून जाते. जुनी लाईन त्या शहराला शिवतच नव्हती. मी मागे एकदा बसले त्या नव्या गाडीत. चांगली आहे, वेगवान आहे, वेळ वाचतो. खिडकीतून हात काढायची सोय नाही आणि पाला तर लांबच.

हे सगळे धाकट्या नातवाला कसे सांगू? त्याला मी गाव सांगितले, गाडी सांगितली, घाटातली दहा पावले सांगितली. पुढचे सांगितले नाही. पण माझी लेक जवळ बसून ऐकत होती. रात्री जेवणे झाल्यावर ती म्हणाली, "आई, मग त्या देवळीतल्या कागदाचं काय करणार तू?"

आता तो कागद. माझे वडील १९९८ साली वारले. सात एकर रान. सात-बाराला भावाचे नाव लागले आणि माझेही लागले. भावाने त्या वेळी कधी काही म्हटले नाही. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि पुढे कालव्याचे पाणी आमच्या शिवारात आले. जिथे आई खडी फोडायला जायची तिथे आता ऊस उभा आहे. दोन वर्षांपूर्वी भाऊ गेला. यंदा संक्रांतीनंतर भाचा आला. गुणी मुलगा आहे. तिळगूळ घेऊन आला, माझ्या गुडघ्यांसाठी तेल घेऊन आला. जेवण झाल्यावर पिशवीतून कागद काढला.

"आत्या, ठिबक करायचंय, पाइपलाइन करायची. बँकेत कर्जाला गेलं की दर वेळी तुझी सही लागती. तुला तरी कशाला हेलपाटं? एकदा हक्कसोड दिलीस की मोकळं."

त्याचे म्हणणे खोटे नाही. सामाईक खात्यावर कर्ज काढताना सगळ्यांच्या सह्या लागतात, हा त्रास मला माहीत आहे. शेत तोच कसतो. रात्री पाणी द्यायला तो जातो, मी जात नाही. आणि त्याचे दार मला बंद व्हायला नको आहे. आईसारखेच मलाही ते एक दार आहे.

पण मी म्हटले, "ठेव बाबा. वाचून बघते." तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "वाच की. घाई न्हाई." आणि गेला.

मी वाचला. चार पाने आहेत. तिसऱ्या पानावर लिहिले आहे की मी हा हक्क राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कायमचा सोडत आहे. 'कायमचा' हा शब्द मी तीनदा वाचला. नोंदणी झालेली हक्कसोड मागे घेणे फार अवघड, असे वकील म्हणाले. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुमच्याही उपयोगाच्या म्हणून लिहिते. एक, वारस नोंदीला हक्कसोड लागते असे पुष्कळ ठिकाणी बहिणींना सांगितले जाते. तसे काही नाही. वारसाची नोंद वारस आहे म्हणून होते. दोन, २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क आला आणि त्यासाठी वडील त्या साली हयात असायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणी होऊन किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. माझ्या बाबतीत वाटणी झालेलीच नाही.

म्हणजे सात एकरांत माझे साडेतीन. ते घेऊन मी काय करणार? मला ऊस लावायचा नाही. सगळे मागितले तर भाच्याचे कंबरडे मोडेल. मी मनात योजते की विहिरीकडची वीस गुंठे, जिथे आईने लावलेला आंबा आहे, तेवढी माझ्या नावावर ठेवावी आणि बाकी त्याच्या नावावर करावी. मग लगेच वाटते, वीस गुंठे का? हा आकडा मी कुठून आणला? माझ्या मनानेच तो इतका लहान करून का आणला? लेकीने तर हसून विचारले, "आई, आणि उद्या दादाने माझ्यापुढे असा कागद ठेवला तर मी किती गुंठे मागू?" माझा मुलगा तेव्हा शेजारीच हात धूत होता. तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. बराच वेळ नुसता मोरीत पाण्याचा आवाज येत होता.

बायांनो, तुमच्यापैकी पुष्कळजणींनी असा कागद पाहिला असेल. कुणी सही केली असेल, कुणी नाकारली असेल, कुणी काही ठेवून काही दिले असेल. नंतर माहेरी जाणे-येणे कसे राहिले, ते मला कळवा. आणि बंधूंनो, ज्यांनी बहिणीपुढे कागद ठेवला त्यांनीही लिहा. तुमचीही बाजू असेल. पत्रात नाव नको असेल तर तसे लिहा, नाव छापले जाणार नाही.

भाचा आखितीला येतो म्हणाला होता, आला नाही. फोनवर म्हणाला, ऊस बांधणीची घाई आहे, बेंदराला येतो. या म्हटले आहे, पोरांनाही घेऊन या. धपाट्याचे पीठ दळून ठेवते. कागद अजून देवळीतच आहे, आईच्या जुन्या पाटीखाली. ती पाटी मी टाकली नाही. धाकट्याने काल ती काढली, पुसली आणि त्यावर खडूने एक गाडी काढली, मागे चार डबे जोडले आणि मला विचारू लागला की तुझ्या आईचा डबा यातला कुठला.